देवनागरीची यंत्रे आणि सातपुड्याच्या बोली : मोलगीच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विवेचन

१

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर, मोलगी हे बाजाराचे गाव आहे. आसपासच्या पाड्यांवरील लोक आमचूर, मोहाची फुले, चारोळी घेऊन येथे येतात आणि मीठमिरची, कापड, औजारे घेऊन परत जातात. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हा बाजार म्हणजे एक उघडे दालनच होय. भिलोरी, पावरी, नोइरी, देहवाली या बोली तेथे एकाच वेळी कानी पडतात. व्यापाऱ्याशी बोलताना त्यांत मराठी, गुजराती व हिंदी मिसळते. अलीकडच्या काळात या दृश्यात भ्रमणध्वनीची भर पडली आहे. तरुणांच्या हाती असलेल्या या यंत्राकडे थोडे लक्ष देऊन पाहिले, तर एक विसंगती जाणवते. बोलताना जो तरुण सहज पावरी बोलतो, तोच लिहिताना मराठीकडे वा हिंदीकडे वळतो. आणि पावरीतच काही कळवायचे असेल, तर लिहिण्याऐवजी आपला आवाज मुद्रित करून पाठवतो.

या विसंगतीचे एक ठरावीक स्पष्टीकरण विद्वानांच्याही बोलण्यात आढळते. ते असे, की या बोलींना लिपी नाही. सबब त्या यंत्रावर येऊ शकल्या नाहीत. प्रस्तुत लेखात या समजुतीची परीक्षा करावयाची आहे. त्यासाठी देवनागरी लिहिणाऱ्या यंत्रांचा इतिहास प्रथम संक्षेपाने पाहणे अवश्य आहे. हा इतिहास अभियंत्यांनी सांगितला म्हणजे तो शोधांचा इतिहास होतो. भाषाशास्त्राच्या अंगाने पाहिल्यास तो निवडीचा इतिहास आहे. म्हणजे कोणते चिन्ह घ्यावे, कोणते वगळावे, आणि हे कोणी ठरवावे, याचा.

२

लेखनाचे प्रत्येक यंत्र लिपीकडून काही सूट मागते. विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे मराठीचे व्याकरण छापले ते नागरी खिळ्यांनी. महाराष्ट्रात त्या काळी व्यवहाराची लिपी मोडी होती. पुढे १८१० च्या शब्दकोशासाठी मोडीचे खिळे वापरले गेले खरे, तथापि छापखान्याचा कल अखेर बालबोधीकडेच झुकला. मुंबईत गणपत कृष्णाजी व नंतर जावजी दादाजी यांनी नागरी खिळ्यांना जे सौष्ठव आणले, त्याने हा कल कायम झाला. मोडी मागे पडण्याची कारणे अनेक आहेत. परंतु छापखान्याने बालबोधीची केलेली निवड हे त्यांतील एक ठळक कारण होय.

जोडाक्षरांमुळे नागरीच्या खिळ्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागे. ती कमी करण्याचा उद्योग लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या निमित्ताने केला, सावरकरांच्या लिपिसुधारणेचाही एक प्रधान हेतू छपाईची सोय हाच होता. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिपरिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी उजवीकडे नेण्याची सूचना केली. तिच्यामागेही टंकलेखन यंत्राची गरज होती. ही सूचना लोकांनी स्वीकारली नाही. यावरून एवढे निश्चित होते, की यंत्र लिपीवर दडपण आणते, पण लिपीचा समाज संघटित असला तर तो त्या दडपणास नकार देऊ शकतो. मराठी समाजाजवळ वृत्तपत्रे होती, शाळा होत्या, साहित्यसंमेलने होती. म्हणून त्याचा नकार ऐकला गेला. ज्या समाजाजवळ यांपैकी काहीच नव्हते, त्याच्या होकार-नकाराचा प्रश्नच उपस्थित झाला नाही.

३

संगणकाच्या आगमनाने या इतिहासाचे दुसरे पर्व सुरू झाले. संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. तेव्हा कोणत्या अक्षरास कोणता क्रमांक द्यावा, हे आधी ठरवावे लागते. भारतीय लिप्यांसाठी हे काम कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात झाले व पुढे पुण्यास १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेत ते चालू राहिले. ‘इस्की’ या नावाने ओळखली जाणारी ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यामागची कल्पना भाषाशास्त्रीय होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांची वर्णमाला मूलतः एक आहे. सबब ‘क’ या वर्णास नागरीत, बंगालीत व तमिळमध्ये एकच क्रमांक असावा, असे तिचे सूत्र होते. याच सूत्रावर ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक बेतलेला आहे. त्यात स्वर एका हाताखाली व व्यंजने दुसऱ्या हाताखाली येतात. १९९१ मध्येच ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीचा पहिला ग्रंथ निघाला. तिच्यातील भारतीय लिप्यांचा विभाग ‘इस्की’च्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतला गेला. त्यात देवनागरीच्या वाट्यास १२८ जागा आल्या.

या १२८ जागांमध्ये मराठीचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोरी. या दोहोंतील भेद रफार आणि अर्धचंद्राकृती ‘र’ यांवर अवलंबून आहे. हिंदीला या दुसऱ्या चिन्हाची गरज नाही. मराठीसाठी त्यास स्वतंत्र स्थान मिळाले नाही; द्राविडी भाषांतील कठोर ‘र’ दाखविण्यासाठी जे ‘ऱ’ हे अक्षर होते, त्याचे अर्धे रूप म्हणून ते मानण्यात आले. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत मात्र हेच रूप साध्या ‘र’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून साधले जाई. परिणामी ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे लिहिता येऊ लागला. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात, आणि एकाचा शोध घेतला असता दुसरा हाती लागत नाही. सातपुड्याच्या दऱ्यांविषयी संगणकावर शोध घेणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. ‘ॲ’ हा स्वर इंग्रजी शब्दांबरोबर मराठीत आला व मराठी लेखनाने त्यास ‘अ’वर अर्धचंद्र देऊन रूढ केले. हिंदीत असे शब्द ‘ऐ’ने किंवा ‘ए’वर अर्धचंद्र देऊन लिहिले जातात. मराठीच्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, म्हणजे प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीनंतर सतरा वर्षांनी. ज्या वर्षी अँड्रॉइड प्रणालीचा पहिला भ्रमणध्वनी संच बाजारात आला, ते हेच वर्ष. आज प्रत्येकाच्या तोंडी असलेला ‘ॲप’ हा शब्द त्यापूर्वी मराठी रूपात लिहावयाचा तर दोन चिन्हांची मोट बांधावी लागे. कोट्यवधी भाषकांच्या, विद्यापीठे व शासन पाठीशी असलेल्या भाषेची ही स्थिती होती, हे विसरून चालणार नाही.

४

संकेतप्रणाली सिद्ध झाली म्हणून लोक लिहू लागले, असे मात्र घडले नाही. १९९० च्या दशकात व त्यानंतरही बरीच वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांत जुळविला जाई आणि प्रत्येक टंकाचे क्रमांक वेगळे असत. एका संगणकावरील लेख दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटे. विंडोज प्रणालीने २००० च्या आवृत्तीत देवनागरीची जुळणी आपल्या अंगी घेतली, तेव्हा ही कोंडी फुटू लागली. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. त्याच सुमारास, म्हणजे २००३ च्या मे महिन्यात, ‘वर्डप्रेस’ हे अनुदिनी लिहिण्याचे साधन प्रसिद्ध झाले. १९९९ पासून चालू असलेले ‘ब्लॉगर’ त्याच वर्षी गूगलच्या मालकीचे झाले. अनुदिनी, म्हणजे ज्यास आपण ब्लॉग म्हणतो, ती लिहिण्यास संपादकाची वा मुद्रकाची गरज उरली नाही.

या काळात एक लक्षणीय वर्ग पुढे आला. हा वर्ग लेखक आणि आज्ञावलीकार या दोन्ही भूमिका एकत्र करणाऱ्यांचा होता. स्वतःस मराठीत लिहिता यावे म्हणून त्याने साधने घडविली. ‘गमभन’सारखी सुविधा किंवा कन्नडसाठी निर्माण होऊन अन्य भारतीय लिप्यांकडे वळलेली ‘बरहा’सारखी प्रणाली ही त्याची उदाहरणे. या साधनांची पद्धत अशी, की रोमन अक्षरांत उच्चार टंकावा आणि पडद्यावर देवनागरी उमटावी. मराठी अनुदिनीचा जो बहर नंतर दिसला, त्याचे बरेचसे श्रेय या पद्धतीस आहे.

तथापि या पद्धतीच्या पोटात एक गृहीतक दडलेले होते. तिचा उपयोग करणाऱ्यास रोमन अक्षरे आधी येत असली पाहिजेत. पुण्यामुंबईच्या किंवा परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला यात काही अडचण नव्हती. त्याची बोटे इंग्रजी कळफलकास सरावलेली होती. परंतु मोलगीच्या आश्रमशाळेत ज्या मुलाने प्रथम घरची बोली सोडून मराठी अक्षरे गिरविली, त्याला देवनागरी लिहिण्यासाठी रोमन लिपीच्या दारातून जा असे सांगणे, म्हणजे तिसऱ्या घरातून दुसऱ्या घरात जाण्याची वाट दाखविणे होय. वर्णमालेच्या क्रमावर आधारलेला ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक त्याला वस्तुतः अधिक जवळचा. पण तो शिकविणारा कोणी नव्हता. साधन घडविणारा ज्या समाजातून येतो त्याच्या सवयी साधनात उतरतात, ही गोष्ट येथे स्पष्ट दिसते. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. अनुपस्थिताची अडचण उपस्थितास दिसत नाही, एवढाच याचा अर्थ.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सातपुड्याच्या बोलींना लिपी नसणे हे त्यांच्या अनुपस्थितीचे कारण आहे काय?

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भिल्ली भाषांचे नमुने दिलेले आहेत. याचा अर्थ, या बोली कागदावर उतरू शकतात हे शतकापूर्वीच सिद्ध झाले होते. बडोद्याच्या ‘भाषा’ या संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘ढोल’ हे नियतकालिक आदिवासी भाषांतून काढण्यास प्रारंभ केला. त्यात देहवाली व पावरी यांनाही स्थान मिळाले. अरुण जाखडे यांनी संपादिलेल्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने (२०१३) या बोलींची पुन्हा दखल घेतली. या सर्वांसाठी नवी लिपी शोधावी लागली नाही. देवनागरीच्या ज्या १२८ जागांचा उल्लेख वर केला, त्यांतील चिन्हे या बोलींच्या लेखनाची बहुतेक गरज भागवितात. लिपीचा अभाव हे कारण येणेप्रमाणे टिकत नाही.

मग कारण कोणते? ते गणनेत व गणनेवर आधारलेल्या नियमात शोधले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत ‘भिल्ली अथवा भिलोडी’ या शीर्षकाखाली १,०४,१३,६३७ भाषक नोंदले गेले. या एका शीर्षकाच्या पोटात पावरी, मावची, वसावा, वागडी अशा अनेक मातृभाषा आहेत. त्याच जनगणनेत संथालीचे भाषक ७३,६८,१९२ व बोडोचे १४,८२,९२९ होते. संथाली व बोडो यांचा समावेश २००३ च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत झाला. भिल्ली अद्याप त्या अनुसूचीबाहेर आहे. २०१६ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे भ्रमणध्वनींसंबंधीचे मानक लागू करण्याचा निर्णय झाला. त्यानुसार प्रत्येक संचावर इंग्रजी, हिंदी व आणखी एका अधिकृत भारतीय भाषेत लिहिण्याची सोय असावी आणि अनुसूचीतील बावीस भाषा वाचता याव्यात, असे ठरले. मानकाचा हेतू स्तुत्य होता. परंतु एक कोटीहून अधिक भाषकांची भाषा त्याच्या कक्षेत आली नाही, कारण ती यादीत नव्हती. लिपी असूनही ती यादीत नसल्याने यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वहीन ठरली.

याच जिल्ह्यात याच्या अगदी उलट अनुभव आलेला आहे. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या गणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. म्हणजे व्यक्ती या नात्याने संगणकाच्या नोंदीत येण्याचा पहिला मान ज्या जिल्ह्याला मिळाला, त्याच्या भाषा मात्र त्या नोंदीबाहेर राहिल्या. आधारपत्रावर नाव रोमन लिपीत व प्रादेशिक भाषेत येते. भिल्ल कुटुंबातील नावाचे घरगुती उच्चारण या दोहोंपैकी कोणत्या लेखनाशी जुळते, हा प्रश्न नोंदणीच्या वेळी कोणी कोणास विचारावा?

६

भिल्लीसाठी भ्रमणध्वनीवरील साधन आता निघाले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. केंद्र शासनाच्या आदिवासी व्यवहार मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे ॲप प्रायोगिक स्वरूपात प्रसिद्ध केले. दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली अन्य शिक्षणसंस्थांनी ते घडविले. आरंभी त्यात संथाली, मुंडारी, गोंडी व भिल्ली या चार भाषा घेतल्या. ही घटना निःसंशय महत्त्वाची आहे. परंतु या कार्यात झारखंड, ओडिशा, मध्य प्रदेश, छत्तीसगड व मेघालय येथील आदिवासी संशोधन संस्था सहभागी होत्या, आणि भिल्ली घेतली गेली ती मध्य प्रदेशाची. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून अस्तित्वात आहे. महाराष्ट्राचे नाव मात्र त्या सहभागींच्या यादीत आढळत नाही.

याने काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ध्वनिविचारात आहे. भिल्ली बोलींमध्ये ‘स’च्या जागी ‘ह’ येणे व ‘च’च्या जागी ‘स’ येणे, ही प्रवृत्ती ग्रिअर्सन यांच्या खंडापासून नोंदलेली आहे. पण तिचे प्रमाण सर्व बोलींत सारखे नाही. ज्या बोलीत ती पूर्ण प्रभावी आहे तेथे ‘चार’ची ‘सार’ व ‘सात’ची ‘हात’ अशी रूपे होतात. आता मराठीच्या शब्दकोशावर पोसलेल्या यंत्राने ‘सार’ व ‘हात’ हे शब्द वाचले, तर त्यास काहीही चूक दिसणार नाही. दोन्ही निर्दोष मराठी शब्द आहेत. ते एकाचा अर्थ तात्पर्य व दुसऱ्याचा अर्थ कर असा लावील, आणि संख्या नाहीशी होईल. यंत्राला न ओळखता येणारा शब्द निदान अनोळखी म्हणून उरतो. चुकीचा ओळखलेला शब्द मात्र निमूटपणे नष्ट होतो. औषधाच्या मात्रेत किंवा मजुरीच्या हिशेबात असे घडले, तर त्याचे मोल कोण देणार? आणि एका राज्याच्या बोलीवर घडविलेले यंत्र दुसऱ्या राज्याच्या बोलीस लावले, म्हणजे हाच प्रकार भिल्लीच्या आतही संभवतो.

ही क्रिया यंत्रापूर्वीही चालू होती. सातपुड्याच्या आदिवासींची कुलदेवता ‘याहा मोगी’. ‘याहा’ याचा अर्थच आई. मराठी व गुजराती लेखनात हे नाव वारंवार ‘याहा मोगी माता’ असे आढळते. मूळ शब्दातील आई लिहिणाऱ्याच्या ध्यानी आली नाही, म्हणून त्याने आपली ‘माता’ वरून जोडली. जोडणाऱ्याची भावना आदराचीच होती. परंतु ज्या भाषेतील आई हा शब्दही शेजाऱ्यास कळत नाही, त्या भाषेचे भाषांतर यंत्राने करावे अशी अपेक्षा ठेवण्यापूर्वी, आपण स्वतः किती ऐकले आहे याचा विचार झाला पाहिजे.

७

या विवेचनावर एक आक्षेप येईल, तो असा, की प्रत्येक बोलीसाठी स्वतंत्र साधन निर्माण करणे आज्ञावलीकारास शक्य नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. संकेतप्रणाली व टंक सिद्ध आहेत. कळफलकाची रचना बदलण्यास यंत्रशाळा लागत नाही. भाषांची ओळख पटविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत नोइरी, मावची, वसावी, पावरी यांना पृथक् संज्ञाही मिळालेल्या आहेत. ज्याची उणीव आहे ते म्हणजे विश्वसनीय शब्दसंग्रह, लेखनाविषयी भाषकांनी आपसांत केलेला निर्णय, आणि बोलीबोलींतील भेदांची नोंद. हे काम अभियंत्याचे नाही, भाषाभ्यासकाचे व भाषकांचे आहे. ते झाले नाही, तर अभियंता उपलब्ध सामग्रीवर साधन घडवील, आणि त्या साधनाची भाषा पुढच्या पिढीस शुद्ध म्हणून शिकविली जाईल. छापखान्याने मोडीचे जे केले, ते या बोलींच्या बाबतीत व्हावयास फार काळ लागणार नाही.

लेखनपद्धती कोणी ठरवावी, या प्रश्नाचे उत्तर लखनौच्या परिषदेनंतरच्या अनुभवाने दिलेले आहे. परिषदेतील विद्वानांनी वेलांटी हलविली. लिहिणाऱ्यांनी ती पूर्ववत ठेवली. मराठी लिहिणाऱ्यास जो नकाराचा अधिकार होता, तो पावरी लिहिणाऱ्यासही असला पाहिजे. आणि तो वापरावयाचा तर प्रथम त्याने लिहू लागले पाहिजे. म्हणून आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवतो. क्षेत्रपाठाच्या निमित्ताने मोलगीसारख्या गावी जाणाऱ्या विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रण घेऊन परतण्यात समाधान मानू नये. तेथील शिक्षक व तरुण भाषक यांच्यासह बसून त्यांच्या बोलीतील हजारभर नित्याच्या शब्दांचे लेखन निश्चित करावे. जेथे दोन पाड्यांत भेद असेल तेथे दोन्ही रूपे नोंदवावीत. आणि ती यादी त्यांच्याच हाती सोपवावी. आज्ञावलीकार उद्या त्या गावी आला, तर मागावयास तिच्याहून अधिक उपयोगी वस्तू त्यास सुचणार नाही.

मोलगीच्या बाजारातील जो तरुण पावरीत आवाज पाठवतो, तो आपली भाषा टाकून देत नाही, हे ध्यानात घ्यावे. लेखनाने तिच्यासाठी जागा ठेवली नाही, म्हणून तो लेखन टाळून जातो. भाषा अद्याप त्याच्या मुखी आहे, तोवरच ही जागा करून देण्यास अवधी आहे.